नदीच्या वरच्या अंगाला

पुण्यात कुणाविषयी ‘याला येरवड्याला धाडायला हवं’ असं म्हटलं, की ऐकणाऱ्याने सुरावरून ओळखायचं असतं. हसत म्हटलं असेल तर वेड्यांचं इस्पितळ, दात चावून म्हटलं असेल तर तुरुंग. दोन्ही नदीपलीकडे. जुन्या पुण्यातल्या माणसाला मुळा-मुठा ओलांडल्याशिवाय दोन्हींपैकी कुठेच जाता येत नसे. त्याआधीची शिक्षा ‘काळ्या पाण्याची’. तुरुंग आणि पाणी यांचं काय नातं आहे कोण जाणे, पण सगळीकडे आहे खरं.

न्यूयॉर्कमध्येही आहे. तिथे एखादा ‘नदीच्या वरच्या अंगाला गेला’ म्हटलं की तो सिंग सिंगच्या तुरुंगात गेला, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही कळे. हडसन नदीच्या काठाने उत्तरेला सुमारे ५० किलोमीटर गेलं की हा तुरुंग लागतो. ‘अप द रिव्हर’ या १९३० सालच्या बोलपटाचं नाव तिथून आलं. मी कारागृह खात्यात ३१ वर्षं कारकुनी केली, त्यामुळे तुरुंगावरचे सिनेमे मी बहुधा चिडूनच पाहतो. फाटकावर रजिस्टर नसतं, चाव्या कुणाच्याही कमरेला लटकत असतात, कैद्याला सोडताना सुटकेचा हुकूम कुणी बघत नाही. या एका सिनेमावर मात्र मी चिडलो नाही. का नाही, ते सांगायचं आहे.

मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे गेलो असताना मी हट्टाने ग्रँड सेंट्रलहून वर जाणाऱ्या लोकलमध्ये बसलो. नदी डाव्या हाताला राहते. ऑसिनिंगजवळ रूळ चक्क तुरुंगाच्या आवारातून जातात. एका बाजूला जुनी दगडी इमारत, दुसऱ्या बाजूला आणखी आवार, आणि मधून रोज हजारो चाकरमाने कॉफी पीत जातात. कुणी मान वर करून पाहत नाही. गावाचं नावही पूर्वी सिंग सिंगच होतं. तुरुंगामुळे नावाला बट्टा लागतो म्हणून गावकऱ्यांनी १९०१ मध्ये ते बदलून ऑसिनिंग केलं. तुरुंग तिथेच राहिला.

हा तुरुंग बांधला कैद्यांनीच. १८२५ मध्ये एलम लिंड्स नावाचा करडा अधिकारी ऑबर्नच्या तुरुंगातून १०० कैदी घेऊन इथे उतरला. तेव्हा भिंत नाही, छप्पर नाही. जवळच संगमरवराची खाण होती. तिचा दगड फोडून त्या माणसांनी आधी स्वतःला निवारा केला आणि मग स्वतःलाच कोंडण्यासाठी कोठड्या बांधल्या. एकेक कोठडी ७ फूट खोल आणि ३ फूट ३ इंच रुंद. आमच्या रेकॉर्डरूममधल्या दोन कपाटांमधली फट याहून मोठी होती. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे बोलायचं नाही. दिवसा एकत्र काम, रात्री एकेकटी कोठडी, आणि दोन्ही वेळा तोंड बंद. नजरेला नजरही द्यायची नाही. याला ‘ऑबर्न पद्धत’ म्हणत, आणि ती पाहायला युरोपातून विद्वान येत असत.

मला यात गंमत वाटते ती अशी, की ज्या तुरुंगाचा पायाच अबोल्यावर घातला गेला, त्याची खरी चलती पडद्यावर झाली ती सिनेमा बोलायला लागल्यावर. मुक्या सिनेमात तुरुंग म्हणजे गज आणि गजामागचा चेहरा. तुरुंगात नोकरी केलेल्याला विचारा, तो सांगेल की तुरुंग डोळ्यांनी नाही, कानांनी कळतो. पहाटेची घंटा, ताटल्यांचा खणखणाट, गिनतीच्या वेळी जोडीजोडीने बसलेल्यांचे आकडे, संध्याकाळी एकामागून एक पडणारे अडसर. डोळे मिटून मी सांगत असे की आता किती वाजले. जून १९३० मध्ये एम.जी.एम.ने ‘द बिग हाउस’ आणला, त्यात हे सगळं होतं. शेकडो पावलांचा एका ठेक्यातला आवाज, भोजनगृहातला गोंगाट. ध्वनिमुद्रणाचं ऑस्कर पहिल्यांदाच दिलं गेलं ते याच चित्रपटाला, आणि लेखनाचं फ्रान्सिस मॅरियन या बाईंना.

तो काळही तसाच पेटलेला होता. न्यूयॉर्क राज्याने १९२६ मध्ये बॉम्स कायदा केला होता. चौथ्यांदा गंभीर गुन्ह्यात सापडला की जन्मठेप. दरवाजा आत यायला उघडा आणि बाहेर पडायला बंद, असं झाल्यावर तुरुंग तुंबणारच. जुलै १९२९ मध्ये आधी डॅनेमोरा आणि मग आठवड्याच्या आत ऑबर्न, दोन तुरुंगांत दंगली उसळल्या. डिसेंबरात ऑबर्न पुन्हा पेटलं, त्यात आठ कैदी आणि एक वरिष्ठ अधिकारी मेला. २१ एप्रिल १९३० ला ओहायो राज्यातल्या कोलंबसच्या तुरुंगाला आग लागली. १,५०० माणसांसाठी बांधलेल्या त्या तुरुंगात सुमारे ४,३०० कैदी होते. कोठड्या वेळेत उघडल्या गेल्या नाहीत. ३२२ माणसं कुलपाआड मेली.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. चाव्यांचा जुडगा म्हणजे काय, हे ज्याने रोज सही करून ताब्यात दिलं-घेतलं आहे त्याला यातलं जे दिसतं ते लिहिण्यासारखं नाही.

आणि याच वर्षी, आगीनंतर सहा महिन्यांच्या आत, फॉक्स कंपनीने तुरुंगावर विनोदी बोलपट काढला, तोच हा ‘अप द रिव्हर’.

मुळात तो विनोदी नव्हताच. फॉक्सनेही गंभीर चित्रपटच योजला होता. कथा मॉरीन वॉटकिन्स यांची. या बाई १९२४ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या वार्ताहर होत्या. खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असलेल्या दोन बायका वर्तमानपत्रात झळकण्यासाठी कशा नटतात-सजतात हे त्यांनी जवळून पाहिलं, बातम्या लिहिल्या, आणि त्या दोघी निर्दोष सुटल्यावर त्यावर ‘शिकागो’ नावाचं खवचट नाटक लिहिलं. ते १९२६ च्या अखेरीस ब्रॉडवेवर आलं. म्हणजे बाईंना तुरुंगातला विनोद नवा नव्हता. पण इकडे ‘द बिग हाउस’ आधी लागला आणि गाजला. त्याच पदार्थाचं दुसरं ताट कोण घेणार? दिग्दर्शक जॉन फोर्ड यांना संहिताही पसंत नव्हती. त्यांनी विल्यम कॉलियर या मुरलेल्या रंगभूमीनटाला हाताशी धरलं, आणि दोघांनी मिळून सगळ्याची उलटापालट करून त्याची कॉमेडी केली. कॉलियरने स्वतः त्यात ‘पॉप’ नावाच्या म्हाताऱ्या कैद्याची, बेसबॉल संघ सांभाळणाऱ्या आजोबांची भूमिका केली.

प्रमुख नट फोर्डना मिळाला तो फाशीच्या कोठडीतून. न्यूयॉर्कला फेब्रुवारी १९३० पासून ‘द लास्ट माइल’ नावाचं नाटक चालू होतं. फाशीची वाट पाहणारे कैदी बंड करतात असं त्याचं कथानक. त्यातला बंडखोरांचा म्होरक्या ‘किलर मिअर्स’ करत होता स्पेन्सर ट्रेसी. (लॉस एंजेलिसच्या प्रयोगात तीच भूमिका क्लार्क गेबलने केली आणि त्याचंही नशीब उघडलं. एका फाशीच्या कैद्याने दोन नट जगवले.) फोर्डनी ते नाटक पाहिलं आणि ट्रेसीला मागून घेतलं. नाटकातून सुट्टी काढून तो पश्चिमेला आला, चित्रपट केला, आणि परत जाऊन पुन्हा फाशीच्या कोठडीत उभा राहिला. पॅरोलवर सुटून वेळेत हजर होणारा कैदी असतो ना, तसा. ट्रेसीचा हा पहिला मोठा चित्रपट. आणि त्याच्याबरोबर होता तिशीतला, अजून कुणाच्या खिजगणतीत नसलेला हंफ्री बोगार्ट. श्रेयनामावलीत ट्रेसी पहिला, बोगार्ट चौथा.

आता गोष्ट. सेंट लुईस (ट्रेसी) हा मिजासखोर बिलंदर, आणि डॅनेमोरा डॅन (वॉरन हायमर) हा त्याचा मठ्ठ जोडीदार. डॅनचं नाव लक्षात घ्या. दंगल झाली त्याच तुरुंगाचं बिरुद तो आडनावासारखं मिरवतो, जसा आपल्याकडे एखादा ‘नाशिककर’. सुरुवातीलाच दोघे तुरुंगातून पळतात, सेंट लुईस डॅनला वाटेत सोडून देतो, पुढे डॅन धर्मप्रचारकांच्या टोळक्यात उभा राहून पापांची कबुली देत असताना हा बायका घेऊन मोटारीतून समोर येतो, आणि मग ठोसाठोशी. दोघे पुन्हा आत. या तुरुंगाला लागूनच बायकांचा तुरुंग आहे. तिथे जूडी (क्लेअर ल्यूस) आहे, एका भामट्याच्या नादाने अडकलेली. तिच्यावर स्टीव्हचं प्रेम बसतं. स्टीव्ह म्हणजे बोगार्ट, न्यू इंग्लंडच्या प्रतिष्ठित घरातला मुलगा.

आणि हा स्टीव्ह तुरुंगात काम काय करतो? कारकुनी. नवीन आलेल्यांची नोंद करायची. टेबलापलीकडे जूडी, अलीकडे हा.

इथे मी सिनेमा थांबवला आणि चहा केला. आमच्याकडे अशा शिकलेल्या कैद्याला ‘रायटर’ म्हणतात. प्रत्येक तुरुंगाचं कार्यालय अशा एखाद्या रायटरच्या अक्षरावर चालतं. नाव, बापाचं नाव, वय, उंची, ओळखीची खूण: डाव्या भुवईवर तीळ, उजव्या पोटरीवर जुना व्रण. मग अंगावरच्या वस्तू: एक पँट, एक शर्ट, पितळी बक्कलाचा पट्टा, रोख ४३ रुपये, बंद पडलेलं घड्याळ. त्याचं गाठोडं बांधायचं, वर नंबराची चिठ्ठी शिवायची आणि खोलीत टाकायचं. सात-आठ वर्षांनी सुटका झाली की ते गाठोडं सुटतं, कसरीचा वास येतो, आणि माणूस पँट चढवून बघतो तर कमरेला चार बोटं सैल. सगळेच बारीक होतात असं नाही, काही घट्टही होतात. पण घड्याळ हातात घेऊन किल्ली देऊन बघत नाही असा एकही मला भेटला नाही. बोगार्टच्या टेबलावर गाठोडं नाही, पण समोरच्या माणसाकडे न बघता प्रश्न विचारायचा आणि उत्तर आल्यावर मग बघायचं, ही त्या टेबलाची सवय त्याने बरोबर उचलली आहे. पुढे आयुष्यभर पिस्तूल घेऊन फिरलेल्या या नटाचा हा मवाळ चेहरा मला फार आवडला.

स्टीव्ह पॅरोलवर सुटून घरी जातो, भामटा मागोमाग येतो, ‘तू आत होतास हे गावाला सांगेन’ म्हणून धमकावतो आणि त्याच्या आईलाच गंडवतो. ही बातमी आत पोहोचते. सेंट लुईस आणि डॅन तुरुंगातल्या करमणुकीच्या कार्यक्रमाच्या गडबडीत पळतात, स्टीव्हच्या हातातलं पिस्तूल काढून घेतात, भामट्याने लांबवलेले रोखे परत चोरतात, आणि तुरुंगात परततात. का? तर दुसऱ्या तुरुंगाविरुद्ध बेसबॉलचा वार्षिक सामना आहे आणि सेंट लुईस चेंडू टाकणारा, डॅन झेलणारा. संघाचं शुभचिन्ह म्हणून एक झेब्राही आहे, पट्टे जन्मापासून अंगावर असलेला.

तुम्ही म्हणाल, हे कुठलं आलंय! ३२२ माणसं जळून मेल्याच्या वर्षी झेब्रा? मीही आधी असंच म्हणालो. पण यातलं बरंचसं सिंग सिंगमध्ये खरोखर होतं. १९१३ मध्ये थॉमस मॉट ऑसबर्न या श्रीमंत गृहस्थाने ‘टॉम ब्राउन’ असं नाव घेऊन ऑबर्नमध्ये आठवडाभर कैदी म्हणून राहून पाहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी कैद्यांचीच एक संघटना उभी केली आणि आतला कारभार बराचसा तिच्यावर सोपवला. डिसेंबर १९१४ मध्ये ते सिंग सिंगचे अधीक्षक झाले. कैद्यांची तक्रार कैद्यांचंच न्यायमंडळ ऐकू लागलं. वर्षभरात त्यांच्यावर खटला भरला गेला, तो टिकला नाही, ते परत आले, आणि १९१६ मध्येच कंटाळून राजीनामा देऊन गेले. सुधारक अधिकाऱ्याची ही जन्मकुंडली मला तोंडपाठ आहे. तिच्यात देश बदलला तरी ग्रह तेच.

त्यांच्यानंतर १९२० ते १९४१ अशी २१ वर्षं तिथे अधीक्षक राहिले लुईस लॉज. हे व्यवहारी होते. तुरुंग खेळता ठेवला की शांत राहतो, हे त्यांना कळलं होतं. नाटकं झाली, वाद्यवृंद झाला, बेसबॉल तर होताच. सप्टेंबर १९२९ मध्ये खुद्द न्यूयॉर्क यँकीज संघ सिंग सिंगच्या कैद्यांशी खेळायला आला, आणि बेब रूथने चेंडू भिंतीपार मारला. तुरुंगातली पोरं तो चेंडू जाताना कशी बघत असतील! लॉज यांची धाकटी मुलगी याच आवारात लहानाची मोठी झाली, कैदी तिला खेळवत. चित्रपटातही तुरुंगाधिकाऱ्याची छोटी मुलगी या दांडगटांची लाडकी आहे. समीक्षक तिला गोडगोड कल्पना म्हणून झटकतात. त्यांनी तुरुंगाच्या वसाहतीत एक उन्हाळा काढावा.

कार्यक्रमाच्या आडोशाने पळण्याचंही मला नवल वाटलं नाही. एका तुरुंगात दिवाळीच्या नाटुकल्यानंतर गिनतीत एक माणूस कमी भरला. वीस मिनिटं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी तो सापडला. लुगडं नेसलेला, मागच्या पडद्याच्या घडीवर डोकं टेकून घोरत होता. त्याचं काम पहिल्याच प्रवेशात संपलं होतं.

परत येण्याची गोष्टही सांगतो. आमच्याकडे व्हॉलीबॉलच्या बराकवार स्पर्धा होत. एका वर्षी अंतिम सामना रविवारी आणि संघाच्या मुख्य खेळाडूची सुटका शनिवारी. माफीचे दिवस जमा धरून तारीख मीच काढली होती. गडी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, “भाऊसाहेब, एक दिवस इकडं-तिकडं होतंय का बघा की.” सुटका लांबवून द्या म्हणून आलेला तो नोकरीतला एकमेव अर्ज, तोही तोंडी. ठरल्या दिवसानंतर एक तासही कुणाला आत ठेवता येत नाही, म्हणून त्याला शनिवारी काढला. रविवारी संध्याकाळी तो फाटकाबाहेर वडाच्या पारावर बसलेला हवालदाराने पाहिला. निकाल कळला, मग एस.टी.ला गेला.

आपल्याकडे तुरुंगावरचा सिनेमा म्हटलं की शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आठवतो. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला खुला तुरुंग उभा राहिला होता, त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली. थोर चित्रपट आहे, बर्लिनला गौरवला गेलेला. पण त्यातले सहा खुनी सुधारतात. सुधारावंच लागतं, त्याशिवाय त्यांच्यावर माया करायला प्रेक्षक तयार होत नाही. फोर्डचे दोघे जण अजिबात सुधारत नाहीत. पहिल्या दृश्यात जितके लबाड, तितकेच शेवटच्या. आईचे पैसे परत मिळवतात तेही चोरूनच. तरी ते आवडतात, आणि दिग्दर्शक त्याबद्दल आपल्याकडे माफी मागत नाही. ‘द बिग हाउस’ जास्त नेटका चित्रपट आहे हे कबूल. पण मी ज्या माणसांत वावरलो ती मला या गबाळ्या चित्रपटात जास्त भेटली. बहुतेक कैदी राक्षसही नसतात आणि वाल्मीकीही होत नाहीत. गिनतीला बसतात, डाळ पातळ म्हणून कुरकुरतात, पत्राची वाट बघतात आणि संध्याकाळच्या डावात भांडतात.

ऑक्टोबर १९३० मध्ये हा चित्रपट लागला. आपल्याकडे मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागायला तेव्हा अजून पाच महिने होते. पुढच्या वर्षी लॉरेल-हार्डींनीही तुरुंगाची टर उडवली. लॉज यांच्या ‘ट्वेंटी थाउजंड इयर्स इन सिंग सिंग’ या पुस्तकावर वॉर्नरने चित्रपट काढला, तर त्यात कैदी झाला पुन्हा ट्रेसीच. १९३४ पासून सेन्सॉरची संहिता कडक झाली आणि पळून जाऊन मजेत परत येणारे कैदी दाखवणं अवघड झालं. तरी १९३८ मध्ये ‘अप द रिव्हर’ याच नावाने पुन्हा काढला गेला. कुणाला आठवत नाही, आठवण्याची गरजही नाही.

ट्रेसी आणि बोगार्ट नंतर एकाही चित्रपटात एकत्र आले नाहीत. १९५५ च्या ‘द डेस्परेट अवर्स’मध्ये येणार होते. तेव्हा दोघेही मोठे झाले होते, पहिलं नाव कुणाचं यावर अडलं आणि ट्रेसीची जागा फ्रेड्रिक मार्चने घेतली.

मुलाने मिळवून दिलेली प्रत झिजलेली आहे. मधूनच उड्या मारते, वाक्यं अर्ध्यावर तुटतात, कुणीतरी हसतं आणि कशाला हसलं ते गळून गेलेलं असतं. सापडली तर पाहा. झेब्रा तर आहेच, पण स्टीव्हचं टेबल चुकवू नका. ३१ वर्षांत माझ्या हाताखाली बरेच रायटर येऊन गेले. त्यांच्यात बोगार्टला मी पहिल्या तिघांत धरला असता.